फाटकातली सून

व्हॅनकाकांना लाजायची सवय नव्हती. लाजायला सवड लागते, आणि रोज सकाळी गाडीभर पोरं गोळा करून, दोघांची भांडणं सोडवून, एकाची उलटी पुसून घंटेच्या आत शाळेत पोचणाऱ्या माणसाला ती कुठून मिळणार? भर रस्त्यात गाडी थांबवून ते पोराची चड्डी बदलायचे. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी ढिम्म हलत नसत. "घाई असेल तर वरून जा," म्हणायचे.

मी त्याच शाळेत मावशी होते. मावशी म्हणजे पोरांची नाकं पुसणारी, डब्यांची झाकणं उघडून देणारी, आणि पोरं जिला मुख्याध्यापिकाबाईंपेक्षा जास्त घाबरतात ती. राहतोही आम्ही एकाच गल्लीत, काका त्या तोंडाला आणि मी या तोंडाला. त्यामुळे मी जे सांगते आहे त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं खुद्द त्यांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांच्या बायकोनेही बरंच सांगितलंय, पण ते मी धरत नाही, कारण नवऱ्याबद्दल बरं बोललं तर जीभ झडेल अशी तिला भीती वाटते.

काकांचा एक नियम होता. पोराला घरी सोडताना नुसतं फाटकाशी उतरवून निघून जायचं नाही. दोन छोटे हॉर्न, एक लांब. मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस बाहेर येणार, काका स्वतः खाली उतरणार, पोराचा हात त्या माणसाच्या हातात देणार आणि "घ्या, सांभाळा" म्हणणार. आई आंघोळीला गेलेली असो की आजोबा घोरत पडलेले असोत, हातात हात पडल्याशिवाय गाडी हलत नसे. खूप पूर्वी दुसऱ्याच एका गाडीवाल्याने एका मुलीला बंद घरासमोर सोडलं होतं. घरात कोणी नाही असं बघून ती गाडीमागे धावली आणि पडली. वाचली, पण पाय अधू झाला तो झालाच. गाडी काकांची नव्हती, चूक काकांची नव्हती, तरी धसका त्यांनी घेतला. आयांना हा नियम जाच वाटायचा, आणि त्याच आया बाहेर मिरवायच्या, "आमचे व्हॅनकाका म्हणजे काय विचारू नका!"

मग पोरंच संपली. एका दिवसात नाही. आधी प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, त्याच्या दोन झाल्या, मग एक. शेवटी शेवटी पहिलीच्या बाईंना हजेरी घ्यायला तोंड उघडावं लागत नव्हतं, नुसती मान फिरवली की कोण आलंय ते कळायचं. घरटी एक मूल. ते शिकतं आणि जातं, जिथे जातं तिथेच त्याला मूल होतं, झालंच तर. मागे उरतात ते आईबाप. पाळणाघर बंद पडलं आणि त्या जागी गुडघ्यांचे डॉक्टर आले. खेळण्यांच्या दुकानदाराने आधी दारात एक काठी टांगून पाहिली, मग चार टांगल्या, आता तिथे खेळणं मागितलं तर माळ्यावरून काढून देतो. आमचे गणवेश शिवणाऱ्या बाईंनी मशीन विकून टाकलं. कोणाला बोल लावणार? गिऱ्हाईक म्हातारं झालं की दुकानालाही म्हातारं व्हावं लागतं.

शाळा बंद झाली आणि त्याच इमारतीत म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र सुरू झालं. सकाळी यायचं, व्यायाम करायचा, जेवायचं, गप्पा मारायच्या, संध्याकाळी घरी. बालवर्गाच्या खोलीत धरून चालायचे दांडे बसले. पोरांच्या उंचीची बेसिनं काढून वर चढवली, पायऱ्यांवर उतार घातला. भिंतीवरची बदकं पुसायचा मात्र कोणी उत्साह दाखवला नाही, ती राहिली. मला तिथे काम देत होते. मी नाही म्हटलं. ज्या खोलीत पोरांना चालताना पडताना पाहिलं, तिथे आता म्हाताऱ्यांना पडताना बघायचं, हे माझ्याच्याने होईना. मी सकाळी एका दवाखान्यात झाडलोट धरली. काकांना नाही म्हणायची सोय नव्हती. गाडी चालवण्याखेरीज त्यांना काही येत नव्हतं.

आणि मग ते लाजायला शिकले. रंगाऱ्याने गाडीवरचं 'शाळेची गाडी' खरवडून 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं, त्या दिवशी त्यांनी गाडी अक्षरांची बाजू भिंतीकडे करून लावली. दुसऱ्या बाजूलाही तेच लिहिलंय हे बायकोने दाखवून दिलं. मेहुण्याने फोनवर विचारलं, "काय, शाळा काय म्हणते?" तर म्हणाले, "सुट्टी आहे." ती सुट्टी वर्षभर चालली. गल्लीतून जाताना कोणी ओळखीचं दिसलं की ते आरसा नीट करण्यात गुंतायचे.

"पोरं भरून निघालं की वाटायचं, आपण कुठेतरी चाललोय," ते एकदा मला म्हणाले. "आता कुठे चाललोय ते गाडीतल्या सगळ्यांनाच माहितीये."

गाडीत शिस्त मात्र जुनीच. आतून न उघडणारी दारं, बसल्यावर हजेरी, खिडकीबाहेर हात काढायचा नाही. एका आजोबांना ते सवयीने "नाक पुसा" म्हणाले आणि त्या बिचाऱ्यांनी निमूट पुसलं. गणवेशवाल्या बाईही आता त्याच गाडीत होत्या. सगळे त्यांना शिंपीणआजी म्हणायचे. कानाने पार गेलेल्या, पण पुढच्या सीटसाठी पहिलीतल्या पोरासारख्या भांडायच्या. आणि मागच्या खिडकीशी बसायचे पाणीवाले साहेब.

साहेब म्हणजे नळपाणी खात्यातले मोठे इंजिनिअर. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते हा माणूस ठरवायचा, त्यामुळे अर्धं गाव त्यांना सलाम करायचं आणि उरलेलं अर्धं शिव्या घालायचं. निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. केंद्रातल्या व्यायामाने पाय हळूहळू उचलायला लागला होता. "आत्ता सोडवला तर सुटेल," व्यायामाच्या बाई म्हणायच्या. "आत्ता आळस केलात तर कायमचा आखडेल, मग माझ्याकडे येऊन रडू नका."

गाडीत साहेब एकाच विषयावर बोलायचे, सून. सून सकाळी गरम पाणी काढून ठेवते. सून सूपमध्ये मीठ कमी घालते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. आणि सून रागावते. मफलर विसरला की रागावते, गोळी विसरली की रागावते. "काय सांगू, नोकरीत कोणाची हिंमत नव्हती मला बोलायची, आणि ही पोरगी मला उभा-आडवा झाडते," असं म्हणत ते इतके खूश व्हायचे की बाकीच्यांच्या पोटात दुखायचं. शिंपीणआजींना अर्धं ऐकू यायचं नाही, तरी त्या म्हणायच्या, "नशीब काढलंत हो."

साहेबांचा मुलगा लहानपणी काकांच्याच गाडीने शाळेत गेलेला. शिकून परदेशी गेला होता हे काकांना माहीत होतं. आला असेल परत, त्यांना वाटलं. येतो एखादा. साहेब रोज घराअलीकडच्या कोपऱ्यावरच उतरायचे. तिथून चार पावलं चालायचं, तेवढाच व्यायाम, असं सांगायचे. काकांच्या नियमात ते बसत नव्हतं, पण इतक्या मोठ्या माणसाशी हुज्जत कशी घालायची? शिवाय घरात सून होती.

एक दिवस त्या कोपऱ्यावर रस्ता खणून ठेवलेला. जलवाहिनी फुटली होती. साहेब खिडकीतून बघून खात्याला नावं ठेवत होते, तोवर काकांनी गाडी मागच्या रस्त्याने वळवून थेट फाटकासमोर आणून उभी केली. आणि एकदा फाटकासमोर गाडी उभी राहिली म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप गेला. दोन छोटे, एक लांब.

"राहू दे, राहू दे," साहेब म्हणाले. "झोपली असेल ती."

"मग उठेल की," काका म्हणाले, आणि पुन्हा वाजवला.

"मी जाईन माझा. दार उघडा तुम्ही."

"साहेब, माझा नियम तुम्हाला माहितीये. तुमच्याच मुलाला याच फाटकात तुमच्याच हातात देत होतो ना मी? हातात हात दिल्याशिवाय नाही जाणार." हे काका हसत बोलले. त्यांना वाटलं, साहेबांना जुनी आठवण निघाल्याचं बरं वाटेल. आणि तिसऱ्यांदा त्यांनी हॉर्न असा दाबला की सगळी गल्ली खिडक्यांत आली.

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. ती गच्चीवरून ओरडली, "अहो, कोणाला बोलावताय? त्या घरात साहेबांशिवाय कोणी राहत नाही. मुलगा-सून तिकडे जाऊन किती वर्षं झाली!"

गाडीतले सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. फक्त शिंपीणआजी मागे वळून विचारायला लागल्या, "काय म्हणाली ती? काय?" शेजारच्यांनी खूण केली, गप्प बसा. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला गप्प बसायचं कारण तरी कळायला हवं ना. त्या म्हणाल्या, "अहो, मला पण सांगा की!" तेव्हा त्या गच्चीवरच्या परोपकारी बाईने तेच पुन्हा एकदा, शब्द तोडून तोडून, दुप्पट आवाजात सांगितलं.

साहेबांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली. काकांनी दार उघडलं, हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. फाटकापासून दारापर्यंत ते भिंत धरत गेले आणि कुलपाच्या भोकात किल्ली घालायला लागले. डाव्या हाताने किल्ली जाईना. काका मदतीला मागे गेले.

"आता तरी जा," साहेब वळून न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब कोपऱ्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काका फाटकापर्यंत जाऊन आले. हॉर्न वाजवला नाही, हाताने दार वाजवलं. आतून आवाज आला, "बरं नाही. सून आहे घरात, बघेल ती." सून अजूनही घरातच होती, बघा. सगळ्या गल्लीने ऐकलं, सगळ्या गाडीने ऐकलं, आणि हा माणूस बंद दारामागून अजून तेच सांगत होता.

आठवडा गेला. व्यायामाच्या बाईंनी काकांना गाठून सांगितलं की पाय आखडला तर त्यांना एकट्याने राहता येणार नाही. मग कुठल्यातरी वृद्धाश्रमात खाट बघावी लागेल, आणि खाटांना आजकाल शाळेच्या प्रवेशासारख्या रांगा आहेत. काकांनी हे ऐकलं आणि गाडी घेऊन सरळ माझ्याकडे आले.

मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखते. इतका पडलेला चेहरा त्यांचा बाप गेला तेव्हाही नव्हता. ओट्यावर बसले, चहा दिला तर बशीत ओतून तसाच धरून बसले.

"मी त्यांना पोरासारखं वागवलं," ते म्हणाले. "पोराचं घर बंद असलं तर ती आईबापाची लाज असते, पोराची नसते. पोरगं फाटकात उभं राहून रडतं आणि विसरतं. म्हाताऱ्याचं घर रिकामं असलं की ती त्याची स्वतःची लाज असते. हे मला कळायला नको होतं का? एवढी वर्षं फाटकं बघतोय मी. भर गल्लीत त्यांचं धोतर फेडलं मी, आणि वर हसत होतो."

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत," मी म्हटलं.

"मुद्दाम करणाऱ्याला निदान माहीत तरी असतं काय करतोय ते."

शेवटी चहाच्या बशीकडे बघत म्हणाले, "तू त्यांची सून होशील का?"

मी आधी हसले. मग मला राग आला. हा माणूस काय नाटक कंपनी काढतोय? पण त्यांचं म्हणणं साधं होतं. संध्याकाळी साहेबांचा स्वयंपाक करायचा, आणि गाडी आली की फाटकात उभं राहायचं. बाकी काही नाही. साहेबांना लाज कशाची वाटते, एकटं राहण्याची नाही, फाटकात कोणी नसण्याची. तेवढं भरून काढायचं. "पोरांना जसा आपण डबा उघडून देतो," ते म्हणाले, "तसं."

मला संध्याकाळचं काम हवंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मी गेले. साहेबांनी दार फटीएवढं उघडलं. मी म्हटलं, "मला काम पाहिजे. संध्याकाळचा स्वयंपाक करीन. आणि केंद्राची गाडी आली की फाटकात उभी राहीन."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता आपलं पाणी तोडतात. "कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

त्यांना कळलं. इंजिनिअर माणूस, पाणी कुठून येतंय ते त्यांना कळणार नाही तर कोणाला? पण घरात चार दिवसांची भांडी पडलेली होती, पाय खुर्चीवर उचलून ठेवावा लागत होता, आणि मी जायला तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, "ती मला बाबा म्हणते."

"बरं, बाबा."

"मीठ कमी घालते."

"घालीन."

"आणि..." इथे ते दाराच्या कडीशी चाळा करायला लागले. मान वर होईना. "रागावते. तुम्हाला रागावता येतं का?"

वीस वर्षं शाळेत मावशी असलेल्या बाईला हा प्रश्न!

पहिल्या संध्याकाळी मी साडीच्या निऱ्या दोनदा सारख्या केल्या. मलाही लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू? सगळ्या गाडीला माहीत होतं की ह्या घरात सून नाही. समोरची बाई गच्चीवर कपड्यांशिवायच उभी होती, म्हणजे वाळत घालायला काही नसताना. गाडी आली. दोन छोटे, एक लांब, पण इतका हळू की जणू माफी मागत होता. काका उतरले, साहेबांना उतरवलं, त्यांचा हात माझ्या हातात दिला. "घ्या, सूनबाई. सांभाळा." बोलताना ते माझ्या पायांकडे बघत होते.

मी तोंड उघडलं आणि शाळेत ओरडायचे तशी ओरडले, "बाबा! मफलर कुठे टाकला? सकाळी काय सांगितलं होतं मी? आजारी पडलात तर कोणी करायचं?"

गाडीतली सगळी तोंडं खिडक्यांशी आली. मग शिंपीणआजी, ज्यांना त्या दिवशी दोनदा ऐकवलं गेलं होतं, मोठ्याने म्हणाल्या, "बघा! म्हटलं नव्हतं मी? त्या दिवशी सूनबाई बाहेर गेली असणार!" आणि बाकीचे "हो तर, हो तर" म्हणायला लागले. इतकं खोटं इतक्या जणांनी एकदम बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

दिवस गेले. पाय सुटायला लागला. साहेब काठी टेकत दारापर्यंत यायचे, मी शिव्या घालायची तेवढी बाकी ठेवायची. एकदा शिंपीणआजींनी गाडीतून उतरताना काकांच्या कानाशी तोंड नेलं. त्यांना वाटलं त्या कुजबुजतायत, पण बहिऱ्या माणसाची कुजबूज ती, सगळ्यांनी ऐकली. "अशी एखादी लेक मिळेल का हो बघायला? फार नको, आठवड्यातून दोनदा आली तरी चालेल." काकांनी बघितली. शाळेची जुनी स्वयंपाकीणबाई आता दोन फाटकांत लेक आणि एका फाटकात भाची असते. गावाला पोरं नकोशी झाली, पण पोरांच्या जागी उभं राहणारी माणसं लागतातच, आणि ती पुरवायची कामगिरी एका गाडीवाल्यावर येऊन पडली. काकांना याचा अभिमान वाटला असेल असं कोणाला वाटेल. छे. प्रत्येक नव्या फाटकाशी ते आणखी कानकोंडे व्हायचे. "हे मी दुरुस्त करतोय की झाकतोय?" असं मला विचारायचे. मला कुठे माहीत होतं?

मग साहेबांच्या मुलाचा फोन आला. तो आणि त्याची बायको चार दिवसांसाठी येत होते.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. खुर्चीत ताठ बसले होते, पण नजर जमिनीवर. "तुम्ही या. पण स्वयंपाकाला. हे चार दिवस..."

"हे चार दिवस मी सून नाही. कळलं."

ते चार दिवस केंद्रात जायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण मुलगा ऐकेना. "बाबा, माझ्यासाठी व्यायाम बुडवू नका. मी बघतो ना तुम्ही कसे चालता ते." बापाला नाही म्हणायला कारण सापडेना. खरं कारण होतं ते सांगता येत नव्हतं. मी काकांना निरोप दिला, कोपऱ्यावरच सोडा. कोपरा आता बुजलेला होता, साहेब तेवढं चालू शकत होते. ठरलं.

पण माणूस ठरवतो आणि मुलगा कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. इतक्या वर्षांनी आला होता, त्याला वडिलांना उतरवून घ्यायची हौस. तो कोपऱ्यावर दिसताच, गाडीतलं कोणी त्याच्यादेखत सूनबाईचा विषय काढेल म्हणून काका घाबरले, कोपरा टाकून गाडी पुढे दामटली ती थेट फाटकाशी. आणि फाटकात त्याची बायको उभी. मुलगा गाडीमागून धावत आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडं घासत होते, हात तसाच राहिला.

काकांनी साहेबांना खाली उतरवलं. ती मुलगी पुढे आली, चांगली हसरी होती, म्हणाली, "या बाबा." दोन्ही हात पुढे केले.

शिंपीणआजींनी खिडकीतून डोकं काढलं. "ही कोण?"

आजींनी इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीतली मी त्यांना दिसले. "ती काय, तिथे आहे की सूनबाई! अहो सूनबाई, आज बाहेर नाही आलात? रागावलात काय साहेबांवर?"

ती मुलगी वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिचे हात अजून पुढेच होते. मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीतल्या सगळ्या तोंडांकडे, मग बापाकडे. समोरची बाई गच्चीवर होतीच. साहेबांचा चेहरा त्या दिवशी किल्ली लागत नव्हती तेव्हा झाला होता तसा झाला. मी हात पुसत बाहेर आले, का आले मलाही माहीत नाही.

"पाहुणे आहेत," साहेब म्हणाले. आवाज चांगला खणखणीत होता. "चार दिवसांसाठी आलेत."

गाडीतले सगळे "असं, असं" म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. खोटं काय होतं त्यात, म्हणून बोलणार? मग त्याने एकदम काकांकडे वळून त्यांचा दंड धरला, बुडत्याने काडी धरावी तसा. "काका, तुम्ही तरी ओळखलंत ना मला? तुमच्याच गाडीतला मी. ह्याच घरातला!"

काकांनी आजवर पोर विसरलेलं मी पाहिलं नाही. मिशा फुटलेले, टक्कल पडलेले, सुटाबुटातले, कोणीही समोर आला तरी ते तो कोणत्या सीटवर बसायचा ते सांगतात. त्यांनी त्या मुलाकडे नीट बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग साहेबांच्या हाताकडे, तो अजून काकांच्याच हातात होता.

"नाही बुवा," काका म्हणाले. "पुष्कळ पोरं नेली. पाहुणे ना तुम्ही?" आणि त्या दोघांच्या मधून पुढे येऊन त्यांनी साहेबांचा हात माझ्या हातात दिला. "घ्या, सूनबाई. सांभाळा."

मी घेतला. दुसरं काय करणार होते? साहेबांना घेऊन आत गेले, मफलरवरून दोन शब्द बोलले, आवाज काही लागला नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना बघितलं तर काका गल्लीच्या तोंडाशी गाडीतच बसून होते, घरात गेलेले नव्हते. मी म्हटलं, "चला, साहेबांची लाज राखलीत. फिटलं की तुमचं."

त्यांनी मान हलवली. "तो तिथेच उभा राहिला गं. आरशात दिसत होता वळणापर्यंत," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा एक पोरगं मी फाटकात सोडून आलो, कोणाच्याही हातात न देता."